एकाच कामाचे दोन नफे

(छोट्या व्यावसायिकांच्या सभेतलं भाषण, संपादित)

नमस्कार. पुढच्या रांगांत इंटिरिअरवाले, इलेक्ट्रिकल कंत्राटदार दिसताहेत आणि अकाउंटंट मंडळी मागे बसलीत. आज मला बोलायचंय ते या दोन्ही मंडळींच्या मधल्या जागेबद्दल. साइटचं काम एका सॉफ्टवेअरमध्ये चालतं, हिशेब दुसऱ्यात, आणि खर्च पहिल्यातून दुसऱ्यात न्यायचा असतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: महिन्याची बेरीज पाठवू नका, एकेक व्हाउचर, म्हणजे एकेका खर्चाची वेगळी नोंद, पाठवा. तेही कच्चं, म्हणजे अकाउंटंटनं अजून पक्कं न केलेलं, आणि बिलासकट. हे इतकं ठासून का सांगतोय, ते कळायला एक प्रकरण ऐकावं लागेल.

पुण्यातली एक फर्म. दोघं सख्खे भाऊ. धाकटा साइट बघतो. थोरल्याकडे बँक, बिलं, जीएसटी. हिंजवडीतल्या एका ऑफिसचं काम उरकलं, शेवटचं बिल गेलं, आणि धाकटा म्हणाला, "दादा, या कामात आपण आत आलोय." थोरला म्हणाला, "काहीतरीच काय? चांगले पैसे सुटलेत." दोघांनी आपापले लॅपटॉप उघडले. एकाच्या पडद्यावर तोटा, दुसऱ्याच्या पडद्यावर नफा. काम तेच, महिने तेच. घरात दोन दिवस अबोला. शेवटी वहिनींनीच मला फोन केला.

आम्ही बसून एकेक बिल समोरासमोर लावलं. पहिलंच बिल वायरचं. धाकट्याकडे खर्च 1,18,000. थोरल्याच्या टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, खर्च 1,00,000, कारण वरचे 18,000 जीएसटीचं क्रेडिट म्हणून परत मिळणार. हा फरक प्रत्येक बिलावर साचत जातो. साइटवाल्याला वाटतं दुकानदाराला दिले तेवढे खर्ची पडले, आणि ते अगदी स्वाभाविक आहे, पैसे त्याच्याच हातून गेलेले असतात.

मग सुताराची उचल. धाकट्यानं दोन लाख उचल दिली त्या दिवशी खर्चात टाकली. पुढे सुताराचं पूर्ण बिल आलं, तेही खर्चात टाकलं. म्हणजे दोन लाख दोनदा. टॅलीत उचल सुताराच्या नावे होती, बिलातून वळती झाली.

थोरल्याचंही सगळं बरोबर नव्हतं बरं का. हार्डवेअरच्या दुकानातलं बिजागऱ्या नि चॅनलचं एक बिल सुपरवायझरनं हातातल्या पैशातून भागवलं आणि फोटो काढून टाकला. दुकानदारानं तेच बिल ऑफिसला मेल केलं. ऑफिसनं पुन्हा नोंदवलं, पुन्हा पैसे दिले. हमाली, टेम्पो, रात्री लिफ्ट चालू ठेवायला दिलेले पैसे, यातलं निम्मं टॅलीत पोचलंच नव्हतं. थर्मल कागदावरची बिलं तोवर पांढरीफटक पडलेली. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या बिलाचं दुसरं काय होणार?

त्याच फर्मचं पणजीतही एक काम होतं. हॉटेलात पोरांनी आठवणीनं फर्मचा जीएसटी नंबर दिला, बिल नीट आणलं, थोरल्यानं क्रेडिट घेतलं. ते मिळत नाही. हॉटेलची सेवा हॉटेल जिथं आहे तिथली धरतात, म्हणून कर लागतो गोव्याचा, आणि तो महाराष्ट्रातल्या नोंदणीला चालत नाही. पेट्रोल-डिझेल तर जीएसटीतच नाही. जेवणाच्या बिलावरचं क्रेडिट तुमच्या-माझ्यासारख्या धंद्यात कायद्यानंच अडवलंय. आता मला सांगा, पणजीच्या लॉजवर रात्री अकराला उतरलेल्या सुपरवायझरला हे कुणी कधी समजावलंय? त्यानं समजून घ्यावं ही अपेक्षाच मला मान्य नाही. त्याचं काम फोटो काढायचं आणि कुठल्या कामाचा खर्च ते सांगायचं. कर ठरवणं ऑफिसचं काम.

माझा राग आहे तो दुसरीकडे. या भावांनी याआधी एकाला पैसे मोजून दोन्ही सॉफ्टवेअर 'जोडून' घेतली होती. एका क्लिकवर खर्च टॅलीत, असं सांगितलेलं. महिनाअखेरीला टॅलीत काय पडायचं? एक ओळ. 'साइट खर्च, 4,12,600.' बस्स. दुकानदाराचं नाव नाही, बिल नंबर नाही, तारीख नाही, कर वेगळा नाही. मागे बसलेल्यांना विचारा या ओळीचं काय करायचं. जीएसटीआर-2बीमध्ये, म्हणजे आपल्याला मिळू शकणाऱ्या क्रेडिटच्या सरकारी यादीत, दुकानदारानं भरलेलं बिल येतं ते त्याचा जीएसटी नंबर आणि बिल नंबर घेऊन. ते जुळवायचं कशाशी? 4,12,600 शी? आणि जुळलं नाही म्हणून पडून राहिलेलं क्रेडिट पुढच्या आर्थिक वर्षाच्या 30 नोव्हेंबरपर्यंत घेतलं नाही, वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं असेल तर तेव्हापर्यंत, की कायमचं गेलं. एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात नामंजूर होतो, मालवाहतूकदाराला ही मर्यादा 35,000. त्या एका ओळीत हे दिसणार कुठून? ज्यानं हे जोडून दिलं त्यानं एकदाही अकाउंटंटला विचारलं नव्हतं की तुम्हाला नेमकं काय लागतं. मला याचा आजही संताप येतो, कारण या अशा जोडणीनंतर लोक म्हणतात, त्यापेक्षा आपली वही बरी होती. आणि खरंच बरी होती! रोजकीर्दीत निदान कुणाला, कधी, कशापोटी हे ओळीनं लिहिलेलं असायचं.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं उरलीत. मग भरभर सांगतो, पण लिहून घ्या.

टॅलीत ऑप्शनल व्हाउचर नावाची सोय आहे, व्हाउचर उघडं असताना कंट्रोल-एल. ऑप्शनल असेपर्यंत ती नोंद पुस्तकांना शिवत नाही. साइटवरून येणारा प्रत्येक खर्च आधी तिथं उतरवा. अकाउंटंटनं बिल बघायचं, क्रेडिट मिळतं की नाही ठरवायचं, मग पक्कं करायचं. कामाचं नाव कॉस्ट सेंटरमध्ये, म्हणजे कामवार खर्च दाखवणाऱ्या सोयीत, बिलाच्या फोटोचा दुवा नॅरेशनमध्ये, म्हणजे शेऱ्यात.

टॅलीला दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून नोंद एक्सएमएलनं, म्हणजे माहितीच्या एका ठरावीक साच्यात, देता येते. त्या वेळी टॅली सुरू असावी लागते, आणि जोडणीचा नेहमीचा क्रमांक, म्हणजे पोर्ट, 9000. लेजरचं, म्हणजे खात्याचं, नाव जसंच्या तसं लागतं, नाहीतर असं लेजर नाही म्हणून नोंद परत येते. म्हणून सुपरवायझरला लेजर निवडू देऊ नका. त्याला 'टेम्पो', 'हमाली', 'मटेरियल' एवढंच दिसू द्या. कुठलं कुठल्या लेजरला जाणार हा तक्ता अकाउंटंटनं एकदाच बनवायचा.

प्रत्येक खर्चाला कामाच्या सॉफ्टवेअरमध्येच एक क्रमांक मिळाला पाहिजे आणि तो व्हाउचरसोबत गेला पाहिजे. इंटरनेट गेलं, पुन्हा पाठवलं, तरी त्या क्रमांकाची दुसरी नोंद होता कामा नये. दुकानदाराचा जीएसटी नंबर आणि बिल नंबर हीच जोडी आधी आली असेल तर थांबवा. बिजागऱ्यांचं बिल तिथंच अडलं असतं.

परतीच्या वाटेनं, म्हणजे टॅलीतून साइटच्या सॉफ्टवेअरकडे, दोनच गोष्टी येऊ द्या: पैसे दिले का, आणि क्रेडिट वजा जाता खरा खर्च किती. धाकट्याच्या पडद्यावर 1,00,000 दिसायला हवे होते ते असे.

फोटो मात्र स्वतःकडे ठेवा. क्विकबुक्स हे हिशेबाचं सॉफ्टवेअर 2023 मध्ये भारतात बंद झालं, वापरणाऱ्यांना सगळं बाहेर काढून न्यावं लागलं.

आणि पक्की झालेली नोंद साइटवरून बदलू देऊ नका. माल परत गेला तर डेबिट नोट, म्हणजे दुकानदाराच्या नावे तेवढी रक्कम कमी करणारी नोंद, करा. कंपनी असाल तर 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बंधनकारकच आहे.

एक प्रश्न घेतो. हां, ताई, बोला. उचल कशी पाठवायची? पेमेंट व्हाउचर म्हणून, सुताराच्या नावावर. खर्चाच्या लेजरला हात लावायचा नाही. साइटच्या पडद्यावर ती 'दिलेले पैसे' या रकान्यात दिसू दे, खर्चात नको. आणि टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, लागू होत असेल तर उचल देतानाच कापा, बिलाची वाट बघू नका.