बारा फोटोंचा रोल

[टेबलावर कॅमेरा, अगदी जवळून]

हा आग्फाचा क्लिक थ्री. बडोद्याला तयार व्हायचा. आमच्या घरी तो आला पानशेतच्या पुरामुळे.

[वाड्याची भिंत, पाण्याची खूण]

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि पाणी नारायण पेठेत शिरलं. ही खूण त्या दिवसाची. भांडीकुंडी नंतर गाळातून काढली, घासली, वापरात आली. ट्रंकेतल्या फोटोंचा मात्र लगदा झाला होता. आजोबा त्याआधीच गेलेले. त्यांचा एकही फोटो उरला नाही. पुढे बाबांनी पगारातून पैसे बाजूला टाकून हौसेची म्हणून पहिली वस्तू घेतली, ती ही.

[मागची लाल खिडकी, फिरणारी चावी]

नऊ वर्षांचा झालो तेव्हा मला हात लावू दिला. चावी फिरवली की या लाल खिडकीत आकडे सरकत यायचे, एक ते बारा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. ऊन असेल तर ही खूण, ढग असतील तर ती. पहिल्याच रोलला मी चावी फिरवायची विसरलो आणि एकाच चौकोनात पर्वतीच्या पायऱ्या आल्या, आजीही आली. फोटो फुकट गेला म्हणून बाबा रागावले. मी तो जपून ठेवलाय. हा बघा.

[डार्करूम, लाल दिवा]

पण खरी गोडी लागली ती लाल दिव्याखाली. आमच्या बोळाच्या तोंडाशी स्टुडिओ होता. तिथले काका मला स्टुलावर उभं करायचे आणि सांगायचे, "हात मागे. कशाला शिवायचं नाही."

निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये, म्हणजे चित्र मोठं करून खाली पाडणाऱ्या यंत्रात. खाली ब्रोमाइड पेपर, उजेडाची छाप घेणारा कागद. सेकंद मोजताना काकांचे नुसते ओठ हलायचे. सहा, सात, दिवा बंद. कागद अजून कोराच. तो डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, सोडायचा आणि ट्रेची एक कड हळूच उचलून खाली ठेवायची, परत उचलायची. आधी गडद तेवढं उमटतं: केस, लुगड्याचा काठ. मग डोळे. गालांवरची सावली सगळ्यात शेवटी. घाई केली तर फोटो फिका, रेंगाळलात तर काळवंडतो. मग उमटणं थांबवायला ॲसिटिक ॲसिडचं पाणी, मग फोटो पक्का करायला हायपो. कागदावरच्या चांदीच्या ज्या क्षारांवर उजेड पडलेला नसतो ते हायपोत विरघळून जातात. कागदावर राहते ती चांदी, आणि तोच फोटो. त्यानंतर तासभर वाहत्या पाण्यात. यात काका कधी कसर करायचे नाहीत, कारण हायपो कागदात राहिलं की फोटो पुढे पिवळा पडतो. त्यांच्या हातचे हे प्रिंट बघा, अजून लखलखीत आहेत.

माझ्या डोळ्यांदेखत ट्रेमधून वर आलेला पहिला चेहरा हा.

[आजीचा फोटो. निवेदन नाही.]

डिजिटल आलं, स्टुडिओ बंद झाला, रोल महागले.

[कोथरूडचा फ्लॅट, बाथरूम]

काकांनी एन्लार्जर भंगारात घातला नाही, मला दिला. तो आता वॉशिंग मशीनवर उभा असतो. खिडकीला काळा कागद, दाराच्या फटीत जुनं बेडशीट. रविवारी सोसायटीतली मुलं येतात. फोनवर फोटो काढणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, माझ्याही खिशात फोन आहे. पण फोटो तयार होताना प्रत्येक मुलानं एकदा तरी बघावा. शाळेत प्रयोगशाळा असते तशी एक अंधारी खोली असावी, असं मला मनापासून वाटतं.

[ट्रे, मुलीचे हात]

ही नऊ वर्षांची आहे. हा क्लिक थ्रीवर तिनं काढलेला तिच्या आजोबांचा फोटो. कागद आत्ताच डेव्हलपरमध्ये गेलाय. चष्म्याची काडी आली. मिशा आल्या.

थांब, काढू नकोस. डोळे यायचेत अजून.