मिरगाआधी जनरेटर एकदा चालवून बघा

नमस्कार मंडळी. आगोटीची धावपळ चालू असताना तुम्ही वेळ काढून आलात. लाकडं आत घेऊन झाली असतील, कौलं परतून झाली असतील, सुकी मासळी आणि आमसुलं डब्यांत गेली असतील. या सगळ्या तयारीत एक वस्तू मात्र हमखास राहून जाते. पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली ठेवलेला जनरेटर.

३ जून २०२० कोणी विसरलेलं नाही. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, आणि श्रीवर्धन-मुरुडपासून इकडे मंडणगड-दापोलीपर्यंत माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब वाकले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. विहिरीत पाणी भरपूर आणि पंप बंद, अशी घरोघरी गत होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. त्या दिवसांत ज्यांच्याकडे जनरेटर होते, त्यांतल्या बऱ्याच जणांचे चालूच झाले नाहीत. दोरी ओढून ओढून माणसं थकली. त्यानंतर दुरुस्तीला माझ्याकडे आलेल्या जनरेटरांत मोठा बिघाड झालेले फार थोडे होते. बाकीच्यांत जुनं पेट्रोल, खारं वारं आणि आठ-दहा महिन्यांची विश्रांती, एवढंच. यंत्र गणपतीनंतर कधीतरी आतल्या आत बंद पडलेलं असतं, आपल्याला ते वादळाच्या रात्री कळतं. म्हणून हे आज, उजेडात, घाई नसताना बघायचं आहे.

इंजिनाला चार गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा, ठिणगी आणि आत दाब. चारही वेळेवर मिळाल्या तर ते चालू होतंच. एखादी अडली की होत नाही. तेव्हा दोरी ओढत बसण्यापेक्षा काय अडलंय ते एकेक करून शोधायचं, आणि सुरुवात नेहमी सोप्यापासून करायची.

आधी यंत्राला जोडलेले सगळे प्लग काढा. भार लावून चालू करू नये. स्विच ‘ऑन’वर आहे का, पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, टाकीच्या झाकणावर हवेचं बटण असेल तर तेही उघडं आहे का, बघा. ते बंद असेल तर यंत्र चार-पाच मिनिटं चालतं आणि गुदमरून थांबतं, कारण टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. इंजिन थंड असेल तर चोक लावा, गरम असेल तर लावू नका.

आता आपल्याकडची एक खास भानगड. आपली आंगणं उतरती असतात. बऱ्याच जनरेटरांत ऑइल कमी झालं की ठिणगी तोडणारा सेन्सर असतो. यंत्र कलतं ठेवलं की ऑइल एका बाजूला जातं आणि ऑइल पुरेसं असूनही सेन्सरला ते कमी वाटतं. ठिणगी बंद. माणूस ठिणगी देणारा स्पार्क प्लग बदलतो, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर खोलतो, आणि दोष असतो जमिनीच्या उताराचा. यंत्र सपाट फरशीवर आणा, काडीने ऑइल मोजा, कमी असेल तर भरा, मगच पुढे जा. या लहान इंजिनांत ऑइल जेमतेम अर्धा-पाऊण लिटर मावतं, त्यामुळे थोडं कमी झालं तरी ते पुष्कळ कमी असतं.

एवढं करूनही चालू झालं नाही तर पहिला संशय पेट्रोलवर घ्या. यावर मी जरा जास्त वेळ बोलणार आहे, कारण आपल्या किनाऱ्यावरचे निम्म्याहून जास्त जनरेटर इथेच अडतात असं माझं ठाम मत आहे.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२२च्या मध्याला देशभरात ते प्रमाण दहा टक्क्यांवर आलं, आणि २०२५पासून बहुतेक ठिकाणी वीस टक्के. रोज फिरणाऱ्या दुचाकीत ते पेट्रोल आठवड्याभरात जळून जातं. पण जनरेटरच्या टाकीत ते महिनोन् महिने पडून राहतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्या हवेला पाण्याची काय कमी? जून-जुलैत भिंतीसुद्धा ओलावतात. अर्धी भरलेली टाकी दिवसा तापते, रात्री निवते, आणि दर वेळी थोडी दमट हवा आत घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल त्या पाण्याला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. इंजिनाकडे जाणारी नळीही तळालाच असते. म्हणजे टाकी दिसायला भरलेली, आणि इंजिनाला पोचतंय ते पाणी.

हे ओळखायला सोपं आहे. कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या खाली एक लहानसा वाटीसारखा भाग असतो, त्याला बाजूला किंवा तळाला एक स्क्रू असतो. खाली काचेची लहान बाटली धरून तो सैल करा. जे निघेल ते दहा मिनिटं सावलीत स्थिर ठेवा आणि उजेडासमोर धरून बघा. तळाला वेगळा थर किंवा गोल थेंब दिसले तर ते पाणी. रंग काळपट-पिवळा आणि वास रंगाच्या डब्यासारखा आला तर पेट्रोल शिळं झालंय. दोन्ही वेळा टाकी पूर्ण रिकामी करा. वरून ताजं पेट्रोल ओतून भागवू नका, तळाचं पाणी तळालाच राहतं. आणि हे काम मोकळ्यावर करा. जवळ चूल नको, देवाचा दिवा नको, विडी तर नकोच. काढलेलं पेट्रोल विहिरीच्या किंवा वहाळाच्या आसपास सांडू नका.

पेट्रोल बदलूनही चालू झालं नाही तर ती वाटी उतरवावी लागेल. बहुतेक लहान इंजिनांना ती खालून दहा नंबरच्या बोल्टने धरलेली असते. उतरवली की आत बघा. आपल्याकडे पुष्कळदा तळाला पांढरी-हिरवट पूड किंवा शेवाळासारखा चिकट थर सापडतो. वर मध्यावर पितळेचा जेट असतो, त्याला केसाएवढं भोक. सगळं इंजिन त्या भोकावर अवलंबून आहे. जेट काढून सूर्याकडे धरा. भोकातून स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे. उजेड दिसला नाही किंवा अर्धचंद्रासारखा दिसला तर ते चोंदलंय. वायरमधली तांब्याची एकच बारीक तार घ्या, हलक्या हाताने फिरवा, कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा आणि पुन्हा उजेडात बघा. सुई किंवा टाचणी घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की इंजिन जास्त पेट्रोल खातं, धूर सोडतं, आणि मग नवीन जेटशिवाय इलाज नाही. वाटीच्या कडेचं रबर फुगलेलं असेल तर तेही बदला. जुन्या यंत्रांतल्या रबराला इथेनॉल मानवत नाही.

काही घरांत अजून पेट्रोलवर चालू होऊन रॉकेलवर चालणारे जुने जनरेटर आहेत. त्यांचा एक नियम आजोबांना पाठ होता, नातवांना कोणी सांगितला नाही. बंद करण्याआधी कॉक पेट्रोलवर फिरवून काही मिनिटं चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरात रॉकेल उरत नाही. रॉकेल भरलेलं थंड इंजिन कितीही ओढलंत तरी पेटत नाही.

आता ठिणगी. स्पार्क प्लग काढून त्याचं टोक बघा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाहीये. चोक लावून पुष्कळदा ओढलं की असंच होतं. प्लग पुसून वाळवा, स्विच बंद, चोक बंद, आणि प्लग बाहेर असतानाच दोरी पाच-सहा वेळा ओढा, म्हणजे आतलं जादा पेट्रोल निघून जाईल. त्या वेळी भोकासमोर तोंड नेऊ नका. प्लग कोरडा ठाक असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये, पुन्हा कार्बोरेटरकडे वळा. काळी काजळी असेल तर एअर फिल्टर बघा.

ठिणगी तपासताना जुना प्लग त्याच्या जागी परत बसवा आणि दुसरा स्पार्क प्लग कॅपमध्ये, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या वायरच्या टोपीत घालून त्याची धातूची बाजू इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. असं केलं की भोकातून निघणारी पेट्रोलची वाफ ठिणगीपाशी येत नाही. सावलीत उभे राहा, स्विच पुन्हा ‘ऑन’ करा, कोणाला तरी दोरी ओढायला सांगा. निळी, टणक ठिणगी दिसली की ठीक. दिसली नाही तर कॅपच्या आत बघा. खाऱ्या वाऱ्याने तिथली स्प्रिंग गंजून हिरवी पडलेली मी सारखी बघतो. कॅप थोड्या पैशांत मिळते, एक जादाची घरात ठेवा. कॅपही चांगली असेल तर पुढचं काम मेकॅनिकचं. कॉइल आणि मॅग्नेटवर गंज धरलेला असतो किंवा कॉइल गेलेली असते.

हवेची बाजू आपण धरतच नाही, पण कुंभारीण माशी धरते. पावसाळा सरला की ती मातीचं घर बांधायला जागा शोधते, आणि सायलेन्सरची नळी तिला फार आवडते. फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कापूस-चिंध्या भरलेल्याही सापडतात. दोन्हीकडे बॅटरीचा झोत टाकून बघायला दोन मिनिटं पुरतात.

दोरी ओढताना हाताला अडल्यासारखं काहीच जाणवलं नाही तर आतला दाब गेलाय. व्हॉल्व अडकला असेल. यंत्र मेकॅनिककडे न्या. उलट दोरी जागची हललीच नाही तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं, आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. २२ जुलै २०२१च्या पुरानंतर चिपळूणमध्ये बुडालेली यंत्रं ‘चालू होतंय का बघू’ म्हणून ओढली गेली असतील तर त्यांचं नुकसान पुराने केलं त्यापेक्षा त्या ओढण्याने जास्त केलं. बुडालेल्या यंत्राचं ऑइल दुधाळ चहासारखं होतं. ते काढायचं, प्लग काढून पाणी बाहेर घालवायचं, आणि वीज तयार करणारा भाग वाळवून तपासून घेतल्याशिवाय त्याला काही जोडायचं नाही.

इंजिन चालतं पण वीज येत नाही, हीसुद्धा बऱ्याच जणांची तक्रार असते. पहिल्यांदा ब्रेकर पडलाय का बघा. तो ठीक असेल तर फार दिवस बंद राहिल्याने आतलं उरलेलं चुंबकत्व गेलेलं असू शकतं. ते परत आणता येतं, पण जाणकाराकडूनच करून घ्या.

ठेवायचं कसं, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. महिन्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं चालवा, दोन-चार दिवे, एखादा पंखा लावून. फार दिवस ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा, आणि कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पेट्रोल लागेल तेव्हा ताजं आणा, महिना-दीड महिन्यापेक्षा जुनं वापरू नका. फळीवर ठेवा, जमिनीवर नको. प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. आंबा फवारणीच्या पंपाचं इंजिनही याच जातीचं असतं. मोसम संपला की त्यालाही हेच करा.

शेवटचं सांगतो ते जीवाचं आहे. पाऊस कोसळत असताना जनरेटर पडवीत किंवा माजघराच्या दाराशी घ्यावासा वाटतो. घेऊ नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. खिडकी उघडी ठेवली म्हणजे झालं, असं होत नाही. यंत्र घरापासून लांब, मोकळ्यावर, वर वेगळं छप्पर करून आणि धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला ठेवून चालवा. चालू असताना किंवा गरम असताना पेट्रोल भरू नका.

आणि दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर वापरून जनरेटरची वीज घरातल्या सॉकेटमध्ये सोडायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, आणि ट्रान्सफॉर्मरवर चढून हजारो व्होल्टची होते. त्याच वेळी भर पावसात तुमच्या गावाची लाइन जोडायला वायरमन खांबावर चढलेला असतो, लाइन बंद आहे या भरवशावर. लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे घर एका वेळी लाइनला नाहीतर जनरेटरला, एकालाच जोडलेलं राहतं. तोवर फ्रिज, पंप, दिवे थेट जनरेटरच्या सॉकेटवरून चालवा. तशी वायर घरात असेल तर घरी गेल्यावर आधी तिचा एक प्लग कापून टाका.