ब्लिझ्ना : गाव उठवलं, खोटं गाव बसवलं

दक्षिण पोलंड. विस्तुला आणि सान या नद्यांच्या बेचक्यातली सपाट, रेताड जमीन आणि तिच्यावर पसरलेलं पाइनचं जंगल. ब्लिझ्ना इथलंच. हलकी माती, तुरळक वस्ती. शेतकऱ्याने हेवा करावा असं काही नाही. जर्मन एसएसला, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाला, मात्र सैन्याच्या सरावासाठी नेमकी अशीच जागा हवी होती. आसपासच्या गावांबरोबर ब्लिझ्नाही उठवलं गेलं. सरावतळ उभारायला पुस्तकूवच्या छावणीतले कैदी राबवले: ज्यू, सोव्हिएत युद्धकैदी, पोलिश. त्या छावणीत सुमारे १५,००० माणसं मेली.

ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी बाल्टिक किनाऱ्यावरच्या पेनेम्युंडे रॉकेट केंद्रावर बॉम्ब टाकले. मग चाचण्या इकडे हलल्या. नोव्हेंबरपासून या जंगलातून व्ही-२ हे जर्मन रॉकेट उडू लागलं: उंची १४ मीटर, वजन १२ टनांहून जास्त.

टेहळणीच्या विमानातून खाली काय दिसावं? नांदतं गाव! म्हणून खोटी घरं उभी केली, दोरीवर कपडे वाळत घातले, अंगणात प्लास्टरची कुत्री बसवली. ज्यांचे कपडे इथे खरोखर वाळायचे, ते लोक केव्हाच हाकलले गेले होते.

रॉकेटचा रोख ईशान्येला, सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या सार्नाकीकडे. तिथेही माणसं राहत होती. त्याची फिकीर कोणी केली नाही. कित्येक रॉकेटं हवेतच फुटायची. जर्मन तुकडी पोचायच्या आत तुकडे उचलायचे, हे पोलिश भूमिगत सैनिकांचं काम. २० मे १९४४ रोजी बूग नदीकाठी एक रॉकेट न फुटता चिखलात रुतलं. त्यांनी ते झाकून ठेवलं, शोध थंडावल्यावर सुटं केलं आणि भाग वॉर्सॉला पोचवले. तिथे रसायनशास्त्रज्ञ मार्त्सेली स्त्रुशिन्स्की यांनी आत उरलेला द्रव तपासला. ते तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड निघालं.

२५ जुलैच्या रात्री इटलीतल्या ब्रिंडिसीहून आलेलं दोस्त राष्ट्रांचं डाकोटा विमान तार्नूवजवळच्या वाव-रुदाच्या कुरणात उतरलं. भाग चढले, माणसं चढली, पण चाकं ओल्या मातीत रुतलेली. लोकांनी हातांनी माती उपसली, फळ्या घातल्या. अनेकदा फसल्यावर विमान एकदाचं उडालं आणि भाग लंडनला गेले.

लंडनवर पहिलं व्ही-२ पडलं ८ सप्टेंबरला. तोवर ब्लिझ्ना सोव्हिएत फौजांच्या ताब्यात होतं. गावकरी परतले. आज इथे इतिहास-उद्यान आहे. तिथे व्ही-२ची प्रतिकृती पाहायला मिळते.