उजेड येताना, बीव्हर जाताना

(दृश्य: काळोख. नदीचा आवाज. हळूहळू पाण्याची कड जाणवू लागते.)

पहाटेचे चार चाळीस. पडद्यावर काही दिसत नसेल तर तुमच्या मोबाईलचा दोष नाही. आम्हालाही दिसत नव्हतं.

ही इंग्लंडमधल्या डेव्हनची ऑटर नदी. ऑटर म्हणजे पाणमांजर. नदीच्या नावाला जागून ती इथे आहेतही, पण आज ओल्या गवतात पालथे पडलोय ते बीव्हरसाठी, म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणाऱ्या प्राण्यासाठी. नेमकी जागा सांगणार नाही. जुलैचा शेवटचा आठवडा आहे आणि सूर्य उगवायला जवळजवळ तासाचा अवकाश आहे.

बीव्हर रात्रपाळीवाला. संध्याकाळी बिळातून निघतो, रात्रभर खातो, कुरतडतो, पहाटे घरी परततो. त्यामुळे फोटो काढणाऱ्याच्या वाट्याला दिवसाची दोनच टोकं येतात. संध्याकाळी बीव्हर येतो आणि उजेड जातो. पहाटे उजेड येतो आणि बीव्हर जातो. बहुतेक जण संध्याकाळ निवडतात, झोपेचं खोबरं होत नाही. मी पहाटेचा. संध्याकाळी दर मिनिटाला हातातून काहीतरी निसटत असतं. पहाटे निदान एक बाजू तरी आपल्याकडे सरकत असते.

(दृश्य: राखाडी पाणी. डावीकडून एक रेघ सरकत येते.)

ती बघा, रेघ. नाकापासून दोन्ही काठांकडे फाकत गेलेली. पाण्यावर फक्त डोकं आणि पाठीचा थोडासा उंचवटा. बाकी 20-25 किलोंचं धूड पाण्याखाली. उंदीर-खारींच्या गोतावळ्यातला प्राणी, पण पोहताना एखादं लाकूड वाहत यावं तसा दिसतो. फरक इतकाच की हे लाकूड प्रवाहाच्या उलट जातंय.

हा शॉट एफ 2.8, म्हणजे लेन्सचं तोंड सताड उघडं; शटर 1/30, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग उघडं; आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, 12800. फोटोग्राफी करणारे हे आकडे ऐकून हसतील. 1/30 ला पोहणारा प्राणी हलणारच. हलला. या वेळचे चाळीसेक फोटो घरी जाऊन पुसले, दोन ठेवले. त्या दोनांत बीव्हर जेमतेम आहे, निळं धुकं मात्र आहे.

(दृश्य: कॅमेऱ्यावरचे हात. स्क्रीन बंद. बीन बॅगवर लेन्स.)

आता जरा हातांकडे बघा, कारण बीव्हर येण्याआधीचं सगळं काम तिथे आहे.

कॅमेऱ्याची स्क्रीन बंद. अंधारात ती चेहऱ्यावर टॉर्च मारल्यासारखी उजळते. फोकसला मदत म्हणून कॅमेरा जो छोटा दिवा लावतो, तोही बंद. बटणांचा पीप आवाज बंद. शटर इलेक्ट्रॉनिक, म्हणजे खटका नाही. फ्लॅश बॅगेतसुद्धा नाही. तो विषय माझ्यापुरता संपलेला आहे. बीव्हरला फार लांबचं नीट दिसत नाही, पण कान आणि नाक तिखट. म्हणून बसायची जागा ठरते वाऱ्यावर. वारा त्याच्याकडून आपल्याकडे हवा. आज गवताची पाती आमच्या तोंडावर झुकतायत. ठीक आहे.

दुसरी गोष्ट, तोंड कुठे करायचं. समोरच्या काठाकडे बघत बसलं तर पाण्यात त्या काठावरच्या झाडांचं काळं प्रतिबिंब. काळ्यावर काळा बीव्हर, दिसणार काय? म्हणून आम्ही नदीच्या लांबीकडे तोंड करून पडलोय. तिकडे झाडांच्या दोन रांगांमध्ये आभाळाची एक फट आहे आणि तीच फट पाण्यात उतरलीय. बीव्हर त्या चंदेरी पट्ट्यात आला की डोक्याची कड उठून दिसते आणि फोकसला धरायला काहीतरी मिळतं. डोळा शोधत बसू नका. काळ्या ओल्या केसांत काळा डोळा, कॅमेरा चाचपडत राहतो. जिथे केस आणि पाणी मिळतात ती ओली कड धरायची.

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटरही फसतं. गडद पाणी बघून त्याला वाटतं, उजेड वाढवायला हवा. मग ते शटर मंद करतं आणि पहाटेची दुपार करून टाकतं. मी एक स्टॉप खाली ठेवतो, म्हणजे मीटर सांगतं त्याच्या निम्मा उजेड. त्याहून खाली नाही, कारण काळोखा फोटो घरी उजळायला गेलं की नॉइज, म्हणजे फोटोतले रवाळ ठिपके, दुपटीने वर येतो. नॉइज असलेला फोटो चालतो, हललेला नाही. हे शिकायला मला दोन उन्हाळे लागले.

(दृश्य: पडदा काळा. फक्त आवाज.)

हे मात्र चित्रित झालं नाही. आवाज आहे, तेवढा ऐका.

(मोठा फटका. पाणी उसळल्याचा आवाज. शांतता.)

बीव्हरची शेपटी. खवल्यांची, रुंद, चपटी, थेट गवंड्याच्या थापीसारखी. धोका वाटला की ती पाण्यावर आपटायची आणि बुडी मारायची. घरच्यांना इशारा. चूक आमची होती. आदल्या दिवशीची ही गोष्ट: व्हिडिओ काढणाऱ्या मित्राने मेमरी कार्ड बदललं आणि झाकणाचा टक् आवाज झाला. बस. त्यानंतर सूर्य वर येईपर्यंत नदीवर कुणी आलं नाही. आम्ही चहा पीत एकमेकांशी न बोलता बसलो.

(दृश्य: काठावर कुरतडलेला विलो झाडाचा बुंधा. दातांच्या खुणा जवळून.)

पाचला अजून काही मिनिटं आहेत, तोवर हा बुंधा बघून घ्या. पेन्सिलीला टोक काढावं तसा. या खोबणी पुढच्या दातांच्या. दात नारिंगी असतात, कारण त्यांच्या कवचात लोह असतं. ते आयुष्यभर वाढतात आणि झिजतात.

असा बुंधा इंग्लंडने शेकडो वर्षं पाहिला नव्हता. कातडं, मांस आणि शेपटीजवळच्या ग्रंथींतला वासाचा पदार्थ, जो औषधात आणि अत्तरात वापरत, यांच्यासाठी मारून मारून सोळाव्या शतकाच्या सुमारास ब्रिटनमधला बीव्हर संपवला. युरोपभरातही 1900 च्या आसपास बाराशेच्या घरात उरले होते. ऑटर नदीवर ते कुठून आले, कुणी सोडले, कुणालाच ठाऊक नाही. 2014 मध्ये इथे पिल्लं असल्याचं कॅमेऱ्यात सापडलं. हो, कॅमेऱ्यातच. सरकारने आधी त्यांना पकडून हलवायचं ठरवलं, फीतकृमीच्या रोगाची भीती होती. स्थानिक लोक अडून बसले. 2015 मध्ये बीव्हर पकडून तपासले, निरोगी निघाले, परत नदीत सोडले. डेव्हन वाइल्डलाइफ ट्रस्टने पाच वर्षांची चाचणी चालवली, एक्सेटर विद्यापीठाने मोजमापं केली. ईस्ट बडली गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर बीव्हरांनी बांध घातले, तर पुराच्या पाण्याचा जोर गावात पोचेपर्यंत कमी झालेला दिसला. ऑगस्ट 2020 मध्ये सरकार म्हणालं, राहू द्या. 1 ऑक्टोबर 2022 पासून इंग्लंडमध्ये त्याला मुद्दाम पकडणं, मारणं, त्रास देणं गुन्हा आहे. काही शेतांत बांधांचं पाणी शिरतं, काही झाडं जातात, त्यावर बुंध्यांना जाळ्या आणि बांधातून पाईप असे उपाय करतात.

(दृश्य: गुलाबी फुलांची दाटी. त्यातून काहीतरी हलतं.)

पाच वाजून पंधरा मिनिटं. शटर 1/125, आयएसओ 6400. आता कुठे फोटो म्हणावा असा उजेड.

ही गुलाबी फुलं ओळखीची वाटतील. तेरड्याचीच बहीण, हिमालयातली. बागेसाठी म्हणून आणली आणि ब्रिटनच्या नद्यांच्या काठाकाठाने माजली. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतो आपण, ही मात्र उन्हाळाभर हटत नाही. बीव्हर ती खातो. बघा.

(दृश्य: जवळून. बीव्हर उथळ पाण्यात बसलेला. पुढच्या पंजात देठ.)

इथे मी थोडा वेळ गप्प बसतो.

(दहा सेकंद फक्त चावण्याचा आवाज.)

हा आवाज ध्वनिमुद्रणात वाढवलेला नाही. शांत पहाटे पलीकडच्या काठावरून ऐकू येतो. हात बघा. देठ दोन्ही पंजांत धरलाय आणि करंगळी अंगठ्यासारखी वापरतोय. आता विलोची काडी घेतली. मक्याचं कणीस खावं तशी फिरवत फिरवत साल सोलतोय. खाऊन झालं की पांढरी काडी सोडून देणार.

"सोलतोय" म्हणालो, पण ही आई आहे. बीव्हरमध्ये नर-मादी वरून ओळखू येत नाहीत. ती मागच्या पायांवर बसून पोट विंचरायला लागली तेव्हा आचळं दिसली आणि कळलं. विंचरणंही बघण्यासारखं. मागच्या पायाच्या एका बोटाची नखी दुहेरी असते. तीच तिची फणी.

आणि फोटो नेमके इथेच मिळतात. चावताना जबडा आणि हात हलत असतात, पण दर थोड्या वेळाने ती थांबते, कान देते. एक-दीड सेकंद. सगळं अंग दगडासारखं. बोट तेवढ्यासाठी तयार ठेवायचं, पाच-सहा फोटोंचा बर्स्ट, पुन्हा गप्प. दहांत एक शार्प निघाला तर पहाट वसूल.

(दृश्य: आईच्या मागे छोटं डोकं.)

पिल्लू. मे-जूनमध्ये जन्मलेलं, नुकतंच बाहेर पडायला लागलेलं. याचा माझ्याकडे एकही फोटो नाही. ते आलं तेव्हा आई आमच्याकडे बघत होती, नाक वर करून. मी बोट काढून घेतलं. हे चित्र मित्राच्या कॅमेऱ्यातलं आहे, तो आधीपासून चालू होता.

(दृश्य: दोन रेघा काठाकडे जातात. एक बुडी. दुसरी बुडी. बुडबुडे.)

पाच पस्तीस. बिळाचं तोंड पाण्याखाली आहे, त्यामुळे घरी जाणं म्हणजे बुडी. कान आणि नाकपुड्या मिटतात, डोळ्यांवर पारदर्शक पडदा येतो. पिल्लू पहिल्यांदा वर तरंगलं. अजून अंगाला जडपणा नाही. दुसऱ्यांदा जमलं.

(दृश्य: ऊन पाण्यावर. एक खंड्या फांदीवर बसतो आणि उडतो.)

सहा वाजून दहा. ऊन आलं. आता 1/2000 मिळतंय, आयएसओ खाली आणता येतोय, धुकं सोनेरी झालंय. पायवाटेवर पहिला कुत्रा आला, मागून त्याचा मालक. काही दिसलं का, त्याने विचारलं. मी म्हटलं, खंड्या.

(दृश्य: सोललेली पांढरी काडी संथ पाण्यावर फिरत फिरत चौकटीबाहेर जाते.)