वाळलेल्या चिंचेतलं बिऱ्हाड

(दृश्य: बुंध्यापासून वर सरकणारा कॅमेरा, निष्पर्ण फांद्या)

नाशिक. गंगापूर रोडजवळच्या एका सोसायटीचं आवार. ही चिंच सोसायटीच्याही आधीची. दोन पावसाळे गेले, तिला पालवी नाही. बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवले, पाणी मुळांपर्यंत जाईना, मग मुळांना बुरशी लागली. दिल्लीतल्या झाडांभोवतीची एक मीटर जागा मोकळी करा, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्येच सांगितलं होतं. इथे बोटभरही जागा सोडलेली नव्हती.

खाली मुलं खेळतात. झाड उतरवायला हवं, यात दुमत नाही. पण वाळलं म्हणून कुणीही उठून करवत लावावी, असं चालत नाही. शहरांतली झाडं राखण्यासाठीचा महाराष्ट्राचा 1975 चा कायदा वाळलेल्या झाडालाही लागू आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. अर्ज, पाहणी, परवानगी, सगळं रीतसर झालं.

(दृश्य: ढोलीचं तोंड. संध्याकाळ. पिंगळा बाहेर येऊन बसतो.)

हा पिंगळा. त्याला लाकूड कोरता येत नाही, साळुंकीलाही नाही. तांबट आणि सुतारपक्षी वाळलेल्या, मऊ पडलेल्या लाकडात चोचीनं घर कोरतात, आणि ते सोडून गेले की यांची सोय होते. वरच्या फांदीवर बघा, गोल भोक दिसतंय ना, ते तांबटाचं. त्याखालच्या फटीत खार शिरतेय. शेजारच्या हिरव्यागार गुलमोहरात यातलं एकही घर नाही.

पिंगळ्याचा विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. परवानगी हातात आली तेव्हा ढोलीत पिल्लं होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पक्ष्याचं घरटं विस्कटणं हीसुद्धा शिकारच. म्हणून काम थांबवलं. झाडाखालची जागा पट्ट्या बांधून बंद केली, गाड्या दुसरीकडे लावल्या. धोका असाही टळतो, त्यासाठी त्याच दिवशी झाड पाडावं लागत नाही.

(दृश्य: नर-मादी आळीपाळीनं किडे घेऊन येतात. निवेदन नाही.)

मे महिना. पिल्लं उडाली. तरी आधी सलग काही संध्याकाळी दुर्बीण लावून पाहिलं, सालीच्या फटींतून वटवाघळं निघतात का तेही. ढोली रिकामी असल्याची खात्री पटल्यावरच माणसं वर चढली.

(दृश्य: दोरखंड, करवत, खाली येणारी फांदी)

आधी शेंडा, मग फांद्या. प्रत्येक तुकडा दोराला बांधून खाली सोडला, एकही वरून टाकला नाही. ढोलीचा भाग मात्र अखंड काढला: वर दोन फूट, खाली दोन फूट राखून. तो उभाच उतरवला आणि रात्रभर सावलीत तसाच ठेवला. आत कुणी राहिलं असेल तर त्याला निघून जाता यावं. दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या कडुनिंबावर चढवला. तार नाही, खिळे नाहीत. तार सालीत रुतते. रुंद कापडी पट्टे, आणि ढोलीचं तोंड रस्त्याकडे नाही.

बुंध्याचं आठ फुटी खोड उभंच ठेवलंय, भोवती कुंपण घालून. भुंगेरे, मुंग्या, सरडे यांना ते पुरे आहे.

(दृश्य: पाऊस. खड्डे, शेणखत, रोपं.)

झाडाचं जितकं वय, तितकी रोपं, आणि ती सात वर्षं जपायची, असं कायदा सांगतो. आवारात मावली तेवढी इथे लावली: चिंच, वावळ, पांगारा, उंबर. उरलेली महापालिकेनं दाखवलेल्या जागेत.

यांच्यात ढोली व्हायला काही दशकं लागतील.

(दृश्य: कुदळीनं उचकटला जाणारा पेव्हर ब्लॉक)

आवारातल्या बाकीच्या झाडांचे बुंधे मोकळे करायला या आठवड्यात सुरुवात झाली आहे. पहिलं झाड कडुनिंबाचं.