वाऱ्यावर वाजणारा धातू

श्रोतेहो, नमस्कार. गॅलरीत टांगलेल्या विंड चाइमचा नाद कोणत्या धातूमुळे गोड होतो, हा आजचा माझा विषय आहे. मात्र हा प्रश्न मला ज्या दिवशी नीट उमगला, त्या दिवसाची हकिकत मी आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी मी एका प्रदर्शनातून पाच नळ्यांची विंड चाइम विकत घेतली. ती पितळी असल्याचे विक्रेत्याने सांगितले होते आणि रंगही तसाच पिवळाधमक होता. घरी आणून ती हौसेने टांगली, पण वारा सुटला की नाद घुमण्याऐवजी डब्यात चमचे हलवल्यासारखी नुसती टकटक ऐकू येई. महिनाभर वाट पाहून अखेर ती पिशवीत घालून मी पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळीत गेले. तिथे एक वयस्कर कारागीर तांब्याच्या हंड्यावर मठारकाम करत बसले होते. त्यांनी एक नळी तळहातावर तोलली, "पितळ इतकं हलकं नसतं, ताई," असे म्हणत तिच्या टोकाला कानस लावली, आणि पिवळ्या मुलाम्याखालून पांढरे ॲल्युमिनियम उघडे पडले. आपण फसवले गेलो या विचाराने मला फार वाईट वाटले, ते मात्र शांतपणे म्हणाले, "नळी चांगली आहे. दोरा चुकीच्या जागी आहे."

मग त्यांनी फळीवरची काशाची वाटी घेतली, तीच, जिने आपण तळपायाला तूप चोळतो. ती बोटांच्या टोकांवर बसवून काठाला लाकडी हातोडीने हलकेच टिचकावले, तेव्हा नाद बराच वेळ रेंगाळला. काठाला बोट लावताच तो जागच्या जागी विझला. आता त्यांनी माझी नळी वरच्या टोकाशी चिमटीत धरून वाजवली: टक. चिमूट थोडी खाली सरकवली, पुन्हा टक. असे करत एका ठिकाणी बोटे आली आणि त्याच नळीतून इतका लांब, स्वच्छ स्वर निघाला की शेजारच्या दुकानातील माणसाने मान वर करून पाहिले. तिथे पेन्सिलीने खूण करून त्यांनी पाचही नळ्यांना नवी भोके पाडून दिली.

त्या खुणेमागचे कारण असे की नळी वाजते तेव्हा ती डोळ्यांना न दिसेल इतकी वाकत असते. तिची दोन्ही टोके आणि मधला भाग जोराने हलतात, आणि दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात. या जागा प्रत्येक टोकापासून लांबीच्या सुमारे 22.4 टक्क्यांवर असतात. पुन्हा सांगते, 22.4 टक्के: नळी 50 सेंटिमीटरची असेल, तर भोक वरून साधारण 11 सेंटिमीटरवर हवे. माझ्या नळ्यांना ते अगदी टोकाशी होते, म्हणजे जिथे नळीला हलायचे असते, नेमके तिथेच दोऱ्याने तिला धरून ठेवले होते.

आता धातूंकडे येते. ॲल्युमिनियम वजनाला पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते, तरीही एकाच मापाच्या दोन्ही नळ्यांचा स्वर जवळपास सारखा येतो, कारण दोन्हींमध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे 5,000 मीटर वेगाने जातो. पितळात तो वेग सुमारे 3,500 मीटर असल्याने त्याच मापाची पितळी नळी खालच्या स्वरात बोलते. तांबे एकटे मऊ, कथीलही एकटे मऊ. पण सुमारे 78 भाग तांबे आणि 22 भाग कथील एकत्र वितळवले की घंटेचे कठीण कांसे तयार होते, आणि कठीण धातूत कंप लवकर विरत नाही. कथील म्हणजे आपल्या कल्हईचेच. कल्हईवाला दारावर येईनासा झाल्यापासून हा धातू मुलांच्या ओळखीतूनच गेला, याची मला मनापासून खंत वाटते. शिसे मात्र इतके मऊ आहे की त्याला नाद असा नाहीच.

बांबूचा आवाज खोल आणि आखूड असतो, आणि पावसापाण्याच्या दिवसांत मला तोच अधिक आवडतो. जपानमध्ये उन्हाळ्यात काचेची फूरिन, म्हणजे वाऱ्यावर वाजणारी छोटी घंटा, टांगतात, तर तिथल्या इवाते प्रांतात ती ओतीव लोखंडाची करतात. आपल्या कोकणपट्टीवर खाऱ्या वाऱ्याने साधे लोखंड लवकर गंजते. तिथे ॲल्युमिनियम किंवा बांबू बरा. नळ्या किती असाव्यात म्हणजे शुभ, असे मला अनेक जण विचारतात; नळ्या मोजत बसण्यापेक्षा दुकानातच एक नळी योग्य जागी चिमटीत धरून वाजवून पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

माझी ती विंड चाइम आजही गॅलरीत आहे. मुलामा बराच उडाला आहे, वरच्या टोकाची जुनी भोके रिकामी दिसतात, आणि संध्याकाळचा वारा आला की पाचही नळ्या 22.4 टक्क्यांच्या त्या खुणेवरून झुलत वाजतात. नमस्कार.