बेगमपुऱ्याचं गणित

नमस्कार. आजच्या विषयाचं नाव फार मोठं आहे, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आदर्श समाज'. आदर्श समाज म्हटलं की ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे वेगळं चित्र येतं, म्हणून आधी मापं ठरवून घेऊ.

1516 साली इंग्रज लेखक थॉमस मोर यांनी 'युटोपिया' हे पुस्तक लिहिलं, एका कल्पित बेटाबद्दल. ग्रीक मुळांवरून घडवलेल्या या शब्दाचा अर्थ होतो 'कुठेच नसलेली जागा'. त्या बेटावर माणसं दिवसाला सहाच तास काम करतात. उरलेला वेळ त्यांचा. पण घाणीची आणि जड कामं करायला मोर यांनी तिथे गुलाम ठेवलेत, हे विसरू नका, पुढे लागणार आहे. साधारण त्याच काळात आपल्याकडे संत रविदासांनी बेगमपुरा गायिला. बे-गम, म्हणजे जिथे दुःखच नाही असं शहर. तिथे कराची धास्ती नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचा माणूस नाही, आणि कुणीही मनाला येईल तिथे फिरतो, महालाच्या दारातसुद्धा त्याला कुणी अडवत नाही.

यातून दोन मापं मिळतात : माणसाच्या हाती किती तास उरले, आणि कुणाला कुठल्या दारात अडवलं. दुसरं माप नाशिकला समजावून सांगायची गरज नाही. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराच्या बंद दरवाजांपुढे सत्याग्रह सुरू झाला, तो याच मापासाठी.

आता यंत्राकडे येऊ. आज सरकारी कामात जी 'बुद्धिमत्ता' येते आहे, तिचं बहुतेक काम दारावरचंच आहे. माणसाला एक आकडा द्यायचा, एक रेघ ठरवायची. आकडा रेघेच्या वर असेल तर आत, खाली असेल तर बाहेर. रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन घ्या. ते 'जुळला' किंवा 'नाही जुळला' असं सांगतं, पण आतमध्ये त्याच्याकडे असतो तो जुळणीचा गुण. रेघ वर सरकवली की दुसऱ्याचा अंगठा खपणं कमी होतं, पण खऱ्या माणसाचा अंगठा नाकारला जाणं वाढतं. खाली आणली की उलटं. दोन्ही चुका एकदम कमी करणारी रेघ नसते. कांदा चाळीत, बांधकामावर, द्राक्षबागेत राबणाऱ्यांची बोटं झिजलेली असतात, त्यामुळे रेघ कुठेही ठेवली तरी नकाराचा मोठा वाटा त्यांच्याच पदरी येतो. यंत्राच्या मनात आकस नसतो. आकस नसतानाही दार त्यांच्याच तोंडावर आपटतं, म्हणून माणसाने डोळ्यांनी पाहून ओळख पटवण्याची दुसरी वाट दुकानात लागतेच.

'आमची प्रणाली 95 टक्के अचूक आहे' हे वाक्य ऐकलं की एक साधा हिशोब करा. कागद-पेन्सिल पुरते. समजा एक लाख शिधापत्रिका आहेत आणि त्यांतल्या एक हजार बोगस आहेत. यंत्र शंभरातल्या 95 बोगस पत्रिका पकडतं आणि शंभरातल्या 95 खऱ्यांना खऱ्या म्हणतं. म्हणजे ते 950 बोगस पकडेल. पण खऱ्या पत्रिका 99 हजार, त्यांच्या पाच टक्के म्हणजे 4,950. संशयितांची यादी झाली 5,900 ची, आणि तिच्यात 4,950 कुटुंबं प्रामाणिक! सहांतली पाच. गुन्हा जितका विरळ तितकी ही यादी निरपराधांनी भरते. अशी यादी 'आधी तपासा' म्हणून वापरली तर कामाची आहे. 'आधी धान्य बंद करा' म्हणून वापरली तर तो अन्याय आहे, आणि मी हा शब्द तोलून वापरतो आहे.

हे कागदावरचं भय नाही. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना भत्ता मिळतो. तिथल्या करखात्याने संशयित अर्ज निवडायला जोखीम मोजणारा प्रोग्राम लावला आणि अर्जदाराचं नागरिकत्व हाही त्यात एक निकष होता. बारीकशा चुकीवरून सगळी रक्कम परत मागितली गेली. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली आणि जानेवारी 2021 मध्ये मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. श्रीमंत देश, चोख नोंदी, कुशल अधिकारी, सगळं होतं. आपलं गाऱ्हाणं ऐकून निर्णय फिरवू शकेल असा माणूस त्या पालकांना वेळेवर भेटला नाही.

यंत्राची दुसरी चूक याहून लपलेली असते. यंत्राला 'गरज' दिसत नाही, गरजेच्या जागी आपण ठेवलेला आकडा दिसतो. 2019 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जास्त काळजीची गरज असलेले रुग्ण निवडायला तिथे जो प्रोग्राम वापरात होता, तो आजाराऐवजी खर्च मोजत होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च झालेला असे, म्हणून ते यंत्राला कमी आजारी वाटत. ही तफावत दूर केली तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचं प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी दाखवलं. हेच आपल्या शहरात आणा. पाण्याचा दाब कुठे कमी आहे हे ओळखायला ॲपवरच्या तक्रारी शिकवल्या, तर यंत्र काय शिकेल? गंगापूर रोडच्या सोसायटीत नळ दहा मिनिटं उशिरा आला की वीस तक्रारी येतात. जिथे पहाटे तीनला उठून हंडे लावतात, त्या वस्तीतून एकही येत नाही, कारण तो तिथला रोजचाच दिवस आहे. यंत्राच्या लेखी ती वस्ती सुखी. तक्रारींऐवजी वाहिनीच्या शेवटच्या नळावर दाबमापक बसवा, मग यंत्राला विचारा.

सिंहस्थाचं सांगतो, कारण तिथे दार बंद करणंच योग्य असतं. 2003 साली इथे चेंगराचेंगरीत तीसहून जास्त भाविक गेले. एका चौरस मीटरमध्ये पाच माणसांच्या वर दाटी गेली की पाय आपल्या ताब्यात राहत नाहीत. कॅमेऱ्यावरून दाटी मोजणारं यंत्र इथे खरोखर जीव वाचवू शकतं. मात्र ते डोकी मोजतं, आणि श्रावण-भाद्रपदात डोक्यावर छत्री, गाठोडं, पदर असतो, भिंगावर पावसाचे थेंब असतात. गणती कमी भरते. म्हणून त्याच गल्लीत, त्याच पावसात माणसांनी मोजून यंत्राशी ताळा घ्यायचा. मोजायला चेहरा लागत नाही, तेव्हा चेहरे साठवू नयेत.

आता तासांचं माप. इथे द्राक्षबागेइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, केवडा हा बुरशीसारखा रोग येणार की नाही, हे पान किती तास ओलं राहिलं आणि तापमान काय होतं यावर बरंचसं ठरतं. बागेतलं हवामान केंद्र ते मोजतं आणि फवारणी कधी घ्यायची ते मोबाईलवर सांगतं. ओल मोजणारी पट्टी म्हणजे पानाएवढी चकती, वर तांब्याच्या बारीक रेषा. ही पट्टी कडेच्या खांबावर उन्हात लावली तर सकाळी लवकर सुकते. वेलीच्या दाट पानोऱ्याच्या आतलं पान मात्र उशिरापर्यंत ओलं असतं. यंत्र म्हणतं धोका नाही, आणि आठवड्याने पानावर केवड्याचा तेलकट डाग दिसतो. पट्टी घडाच्या उंचीवर, पानांच्या आत, तिरपी लावा. औषधाचा थर बसला की ती कोरडी असून ओली सांगते, म्हणून आठवड्याला स्वच्छ पाण्याने पुसा. आणि नाल्याकाठच्या खोलगट प्लॉटला माळावरच्या केंद्राचा सल्ला लावू नका, तिथे दव जास्त टिकतं.

एवढं केलं तर काही फवारण्या वाचतात, पैसे वाचतात, तास वाचतात. ते तास कुणाचे? 1930 साली अर्थतज्ज्ञ केन्स यांनी लिहिलं होतं की शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. 2030 दारात आलंय. उत्पादन प्रचंड वाढलं, पंधरा तास आले नाहीत, कारण वाचलेला तास ज्याचं यंत्र त्याच्या खात्यात जमा होतो. पेठ-सुरगाण्याहून विरळणीला (घडातले मणी कमी करायला), डिपिंगला (घड औषधात बुडवायला) येणारी टोळी एकरी उक्तं काम घेते. फोटोवरून घड मोजून किती माणसं लागतील ते यंत्र आधीच सांगू लागलं, तर त्याचा पहिला उपयोग उक्त्याचा दर आवळायला होईल. तो आकडा टोळीच्या मुकादमालाही त्याच दिवशी दिसला पाहिजे, म्हणजे निदान बोलणी बरोबरीने होतील. आणि मोर यांच्या बेटावरचे गुलाम आठवा : बोलणाऱ्या यंत्रांना सभ्य भाषा शिकवण्यासाठी घाणेरडा मजकूर वाचून वेगळा काढण्याचं काम केनियातल्या तरुणांनी तासाला दोन डॉलरहून कमी मजुरीत केलं. आदर्श बेटाचा तो भाग आजही झाकलेलाच आहे.

मग एखाद्या कार्यालयाने यंत्र आणायचंच ठरवलं, तर काय करावं? पहिले तीन महिने ते फक्त कागदावर चालवा. निर्णय माणसं घेतील, यंत्राचा निर्णय शेजारी लिहून ठेवायचा. मग यंत्राने नाकारलेल्यांतून दोनशे आणि मंजूर केलेल्यांतूनही दोनशे चिठ्ठ्या टाकून निवडा आणि घरी जाऊन पाहा. बहुतेक जण फक्त नाकारलेले तपासतात, त्यामुळे किती बोगस सुटले ते कधीच कळत नाही. चुकांची सरासरी काढून थांबू नका, तालुका, वय, स्त्री-पुरुष असं फोडून मांडा. नाशिक शहरात दोन टक्के आणि सुरगाण्यात वीस टक्के चूक असली, तरी शहराच्या लोकसंख्येमुळे सरासरी गोंडसच दिसते. हे आकडे सूचना फलकावर लावा. कुणाला माहितीच्या अधिकारात अर्ज करायला लावू नका.

आणि गाऱ्हाणं मांडायची खिडकी. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात अपिलाच्या पायऱ्या आहेत. यंत्राचा नकार त्याच पायऱ्यांवर आणून बसवा. नकाराची चिठ्ठी मराठीत हवी. तिच्यावर चार ओळी छापलेल्या असाव्यात : कोणत्या नोंदीमुळे नाकारलं, ती नोंद कुठल्या तारखेची, ती बदलण्याचा अधिकार कुणाला आणि तो कोणत्या वारी कुठे भेटेल, आणि निकाल लागेपर्यंत धान्य चालू राहील.